आधी तार, मग ग्रीस: कीबोर्डचे स्टॅबिलायझर निवडण्याची, सरळ करण्याची आणि बसवण्याची पद्धत

स्विच चांगले, कीकॅप चांगले, आणि तरी स्पेसबार दाबला की खडखड. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी एक उपाय आधीच करून पाहिलेला असतो: स्टॅबिलायझरमध्ये (रुंद बटण दोन्ही बाजूंनी सारखं खाली जावं म्हणून त्याखाली बसवलेली तारेची जोडणी, थोडक्यात ‘स्टॅब’) ठासून ग्रीस भरणे. चार दिवस आवाज दबतो, मग परत सुरू होतो, आणि वर बटण जड होतं ते वेगळंच. खडखडीचं मूळ बहुतेक वेळा वाकड्या तारेत असतं, आणि ग्रीस काही तार सरळ करत नाही.

दुसरी चूक क्रमाची आहे. सगळे स्विच सोल्डर करून झाल्यावर स्टॅबिलायझर आठवतो. पीसीबीवर, म्हणजे कीबोर्डच्या सर्किट बोर्डवर, बसणारा स्टॅब प्लेटच्या (स्विच धरून ठेवणाऱ्या पातळ पाटीच्या) खाली असतो, म्हणून त्याला हात लावायचा तर सगळे सांधे पुन्हा सोडवावे लागतात. पुढचे टप्पे क्रमानेच करा.

## टप्पा 1: स्टॅब किती लागतात ते मोजा

ज्या बटणाची रुंदी साध्या बटणाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असते, त्याच्याखाली स्टॅब लागतो. रुंदी ‘यू’मध्ये मोजतात, अक्षराचं साधं बटण म्हणजे 1 यू.

- बॅकस्पेस 2 यू, एंटर आणि डावा शिफ्ट 2.25 यू, पूर्ण लांबीचा उजवा शिफ्ट 2.75 यू. या सगळ्यांना एकच ‘2 यू’ मापाचा स्टॅब चालतो.
- स्पेसबार बहुधा 6.25 यू, काही कीबोर्डांत 7 यू. दोघांच्या तारा वेगळ्या. 6.25 यूच्या तारेत दोन टोकांमधलं अंतर सुमारे 100 मिमी, 7 यूच्या तारेत सुमारे 114 मिमी.
- नंबरपॅड असेल तर शून्य, अधिक आणि एंटर हे आणखी तीन 2 यू स्टॅब.

म्हणजे पूर्ण कीबोर्डला सात 2 यू आणि एक स्पेसबारचा. नंबरपॅड नसलेल्या टीकेएलला चार आणि एक. त्याहून लहान, ‘65 टक्के’ म्हणतात त्या मांडणीत बहुधा तीन आणि एक, कारण तिथला उजवा शिफ्ट 1.75 यूचा असतो आणि त्याला स्टॅब नसतो. कॅप्स लॉकलाही नसतो.

मराठी टाइप करणाऱ्याने शिफ्टच्या स्टॅबकडे जास्त लक्ष द्यावं. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत) ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही सगळी अक्षरं शिफ्ट धरून येतात आणि ती उजव्या हाताच्या बाजूला आहेत, म्हणून दाबला जातो डावा शिफ्ट. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे स्वर डाव्या हाताच्या बाजूला, म्हणून त्यांना उजवा शिफ्ट. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला एकदा शिफ्ट लागतो, मराठीत एकाच वाक्यात कितीतरी वेळा. सेतू केंद्रात दिवसभर अर्ज भरणाऱ्याचा किंवा टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांचा डावा शिफ्ट स्पेसबारच्या खालोखाल झिजतो. इंग्रजीतले मार्गदर्शक स्पेसबारवरच सगळा वेळ घालवतात. आपल्याला ते चालत नाही.

## टप्पा 2: कोणता प्रकार घ्यायचा

आवड नंतर पाहू, आधी पीसीबी काय म्हणते ते बघा.

प्लेटवर बसणारे. धातूच्या किंवा प्लास्टिकच्या प्लेटच्या खाचेत अडकतात. तयार, स्वस्त मेकॅनिकल कीबोर्डमध्ये बहुधा हेच असतात. तुमच्या पीसीबीला स्टॅबची छिद्रंच नसतील तर दुसरा पर्याय नाही. ते नीट केले तर चांगले चालतात. केवळ स्क्रूचे नाहीत म्हणून कीबोर्ड टाकून देऊ नका.

पीसीबीत चाप देऊन बसणारे. स्क्रू नसतो, प्लास्टिकचा चाप छिद्रात अडकतो. कीकॅप जोरात ओढला की कधी कधी स्टॅबच उपटून येतो.

स्क्रूने बसणारे. नवीन जोडणी करत असाल आणि पीसीबीला छिद्रं असतील तर हेच घ्या. हाउसिंग (स्टॅबचं बाहेरचं प्लास्टिकचं घर) हलत नाही, आणि निम्मी खडखड तिथेच संपते. ड्युरॉक व्ही2 सारखे सेट यात सहज मिळतात.

मागवण्याआधी पीसीबीची जाडी पहा. बहुतेक 1.6 मिमीच्या असतात, काही 1.2 मिमीच्या. 1.6साठी केलेला चापाचा स्टॅब 1.2च्या पीसीबीत सैल बसतो आणि कितीही ग्रीस लावलं तरी वाजतो. विक्रेत्याच्या पानावर जाडी लिहिलेली नसेल तर विचारून घ्या.

सेटमध्ये स्पेसबारची एक जास्तीची तार मिळत असेल तर ती नक्की घ्या. एक तार हट्टी निघाली तर तेवढ्यासाठी पुन्हा पार्सलची वाट पाहावी लागत नाही. गावाच्या पिनकोडवर कुरियर येत नसेल तर तालुक्याचा पत्ता द्या किंवा स्पीड पोस्टने पाठवणारा विक्रेता शोधा.

> तपासा: पीसीबीला स्टॅबची छिद्रं आहेत का? स्पेसबार 6.25 की 7? पीसीबीची जाडी किती? तिन्ही उत्तरं कागदावर लिहूनच ऑर्डर द्या.

## टप्पा 3: सामान

मागवाव्या लागतात त्या दोनच गोष्टी: क्रायटॉक्स जीपीएल 205 ग्रेड 0 या ग्रीसची छोटी डबी आणि सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस. पहिलं प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं तिथे, दुसरं तारेला. डायइलेक्ट्रिक ग्रीस नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत विचारून पहा, नाहीतर ऑनलाइन.

बाकीचं गावात मिळतं. शाळेच्या दुकानातून वॉटर कलरचा 0 किंवा 00 नंबरचा ब्रश. मेडिकलमधून कापडी चिकटपट्टी, 2 मिलीची सिरिंज आणि जाड सुई. इन्सुलिनची सुई घेऊ नका, ती इतकी बारीक असते की ग्रीस पुढे सरकत नाही. नळफिटिंगच्या दुकानातून टेफ्लॉन टेप. घरातून सपाट आरसा, नेलकटर, चिमटा, चपट्या तोंडाचा पक्कड आणि पोराच्या वहीतला आलेखाचा एक कागद.

आता काय वापरू नये, कारण इथे फार नुकसान होतं.

व्हॅसलीन नको. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ते पातळ होतं, वाहतं, आणि स्विचमध्ये उतरतं. खोबरेल तेल तर 25 अंशांच्या आसपासच वितळतं. शिलाई मशीनचं तेल आणि गंज सोडवायचा स्प्रे हे दोन्ही पातळ. आवाज थांबवण्याइतका थर राहतच नाही, आणि काही प्लास्टिकवर त्यांचा वाईट परिणाम होतो. सायकलचं किंवा बेअरिंगचं ग्रीसही नको. क्रायटॉक्स 205 ला आपल्याकडच्या 45-47 अंशांनी काही होत नाही, तेवढ्यासाठीच ते महाग असूनही घ्यायचं. एक डबी कितीतरी कीबोर्डांना पुरते. दोघा-तिघांत मिळून घ्या.

> सावधान: क्रायटॉक्स 205 मध्ये टेफ्लॉनचे कण असतात. हाताला लागलेलं असताना बिडी-सिगारेट पेटवू नका. टेफ्लॉन जळून निघणारा धूर छातीत गेला तर ताप भरतो. खर्रा खाणाऱ्यांनीही आधी साबणाने हात धुवा.

## टप्पा 4: जागा, वेळ आणि सुटं करणं

कूलर बंद करा. वाऱ्याने वॉशर उडतात हे एक, आणि ओल्या ग्रीसवर धूळ बसते हे दुसरं आणि जास्त वाईट. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी घरात कापूस भरलेला असताना हे काम काढूच नये. एक बारीक तंतू स्टेमच्या बाजूला चिकटला तरी बटण अडखळतं, आणि तो तंतू दिसत नाही. सकाळची वेळ, खिडकीजवळचा उजेड आणि टेबलावर धुतलेलं पांढरं कापड एवढं पुरे.

कीबोर्डची केबल काढा. वायरलेस असेल तर बॅटरीचा जोडही काढा.

एका स्टॅबचे तीन भाग असतात: दोन हाउसिंग, त्यात वरखाली सरकणारे दोन स्टेम आणि दोघांना जोडणारी तार. सोडवण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा. स्टेमची पुढची आणि मागची बाजू सारखी नसते. एका बाजूच्या आणि दुसऱ्या बाजूच्या छिद्रांत फरक असतो, आणि उलटा घातलेला स्टेम बसतो पण नीट चालत नाही. एका वेळी एकच स्टॅब सोडवा. सगळे एकदम उघडून भाग मिसळू नका.

स्टेमच्या तळाशी बघा. जुन्या चेरी पद्धतीच्या स्टेमला एका बाजूला दोन छोटे पाय असतात. बटण खाली गेलं की ते पीसीबीवर आधी टेकतात आणि दाब मऊ, गिळगिळीत लागतो. ते नेलकटरने तळाशी समतल कापा. आजकालचे बरेच सेट मुळातच सपाट येतात. तिथे काही कापू नका.

## टप्पा 5: तार सरळ करणं

इथे घाई करू नका राजेहो. अर्ध्याहून जास्त वेळ या टप्प्याला द्यायचा आहे.

तारेत एक लांब दांडा आणि दोन टोकांना काटकोनात वळलेले दोन छोटे हात असतात. दांडा आणि दोन्ही हात एकाच पातळीत हवेत. एक हात अर्धा मिलिमीटर जरी उचललेला असला, तरी बटण दाबल्यावर एक बाजू आधी खाली जाते, दुसरी मागून येते, आणि तो मधला क्षण म्हणजे खडखड.

तार कापडाने पुसून आरशावर आडवी ठेवा. बोटाच्या नखाने चार ठिकाणी टिचकी मारा: दोन कोपरे, दोन हातांची टोकं. जिथे तार आरशाला टेकलेली आहे तिथे आवाज येत नाही. जिथे उचललेली आहे तिथे बारीक ‘टिक्’ ऐकू येतं. मग एटीएमच्या पावतीचा पातळ कागद प्रत्येक टोकाखाली सरकवून पहा. एका टोकाखाली जातो आणि दुसऱ्याखाली अडतो, तर जिथे जातो ते टोक वर आहे.

सरळ करताना पक्कडीच्या जबड्याला कापडी पट्टी गुंडाळा, नाहीतर तारेवर ओरखडे पडतात आणि ओरखडाही वाजतो. दांडा कोपऱ्याच्या अगदी जवळ पक्कडीत धरा आणि उचललेला हात अंगठ्याने खाली ढकला. स्टीलला थोडं परत येण्याची सवय असते, म्हणून हवं त्याच्या किंचित पुढे न्यायचं आणि सोडायचं. परत आरसा, परत टिचकी. एका झटक्यात सरळ करायला गेलात की तार दुसऱ्या बाजूला जाते आणि मग कोणता हात खरा वाकडा आहे हेच कळेनासं होतं. थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी एकच हात.

पातळी जमली की कोन पहा. तार आलेखाच्या कागदावर ठेवा, दांडा एका रेषेवर धरा. दोन्ही हात उभ्या रेषांना समांतर असायला हवेत. एखादा बाहेर फाकलेला असेल तर तो स्टेमला आतून घासतो; अशा स्टॅबचा आवाज थांबतो पण बटण परत यायला आळशी होतं.

स्पेसबारच्या तारेत तिसरी गोष्टही पहा: लांब दांड्याला मध्येच बाक आहे का. प्रवासात पार्सल दबलं तर तो येतो. तळहाताने आरशावर हलकेच दाबून काढा. दोन-तीन प्रयत्नांत सुधारली नाही तर जास्तीची तार घ्या.

2 यूच्या तारा आखूड असल्याने बहुधा सरळच येतात, तरी सगळ्या तपासा. डाव्या शिफ्टसाठी त्यातली सगळ्यात चांगली बाजूला काढून ठेवा.

> तपासा: चारही ठिकाणी टिचकीला आवाज नाही, पावतीचा कागद दोन्ही टोकांना सारखाच अडतो. हे झाल्याशिवाय ग्रीसची डबी उघडायची नाही.

## टप्पा 6: ग्रीस

ब्रशवर क्रायटॉक्स थोडंसं घ्या, डबीच्या काठावर पुसून काढा, आणि उरलेल्यातून लावा. हाउसिंगच्या आतल्या भिंती, मग स्टेमच्या बाहेरच्या चारही बाजू. प्लास्टिक ओलसर चमकलं पाहिजे. पांढरा थर दिसला तर जास्त झालं, कोरड्या ब्रशने काढा. स्टेमच्या वरच्या टोकावर जिथे कीकॅप बसतो तिथे अजिबात लावू नका, कॅप निसटत राहतो.

तारेला मात्र हात सढळ ठेवा. स्टेममध्ये जाणारी टोकं डायइलेक्ट्रिक ग्रीसने सगळीकडून झाकली गेली पाहिजेत. कोपऱ्यावर जिथे तार हाउसिंगच्या चापात अडकते तिथेही लावा. मधला दांडा कोराच ठेवा; तिथे ग्रीसचा उपयोग नाही, फक्त धूळ गोळा होते.

स्टेमच्या छिद्रात तार ढिली वाटत असेल, म्हणजे कोरड्या तारेने हलवल्यावर खळखळ जाणवत असेल, तर टोकाला टेफ्लॉन टेपचा एकच वेढा द्या आणि त्यावर ग्रीस. दोन वेढे दिले की बटण अडकतं. नव्या, घट्ट सेटला याची गरज नसते.

## टप्पा 7: जोडणं आणि बसवणं

स्टेम हाउसिंगमध्ये फोटोप्रमाणे घाला. तारेचं टोक स्टेमच्या खालच्या छिद्रातून आत न्या, वरच्या नाही. मग तार फिरवून कोपरा हाउसिंगच्या चापात दाबा; ‘टक्’ असा आवाज आला म्हणजे बसली. दुसऱ्या बाजूला तसंच. आता एक स्टेम बोटाने दाबा. दुसरा त्याच क्षणी, तेवढाच खाली गेला पाहिजे.

पीसीबीत प्रत्येक हाउसिंगसाठी एक मोठं आणि एक लहान छिद्र असतं. हाउसिंगच्या पायांशी जुळवून पहा. चुकीच्या दिशेने जबरदस्ती केली तर प्लास्टिकचा पाय मोडतो. स्पेसबारची छिद्रं काही पीसीबींत उलट दिशेने असतात, म्हणून बाकीच्यांवरून अंदाज बांधू नका.

हाउसिंग बसणाऱ्या जागी पीसीबीवर कापडी पट्टीचा छोटा तुकडा चिकटवला तर खाली आपटण्याचा आवाज मऊ होतो. छिद्रं आणि सोल्डरची जागा झाकू नका. तुकडा लावल्यावर चाप पूर्ण बसत नसेल तर सरळ काढून टाका. सैल हाउसिंगपेक्षा थोडा आवाज परवडला.

स्क्रूसोबत आलेले वॉशर वापरा, ते पीसीबीवरच्या रेषांना धातूपासून वाचवतात. स्क्रू बोटाच्या जोरापुरता कसा. जास्त पिळलात तर हाउसिंगला बाक येतो आणि स्टेम अडकतो.

पीसीबीच्या स्टॅबचा क्रम असा: स्टॅब पीसीबीवर, त्यावर प्लेट, मग स्विच. प्लेटच्या स्टॅबचा: स्टॅब प्लेटमध्ये, मग प्लेट पीसीबीवर, मग स्विच.

## टप्पा 8: सोल्डरआधीची चाचणी

प्लेट ठेवली की फक्त स्टॅबच्या बटणांचे स्विच आणि चार कोपऱ्यांचे चार स्विच नुसते दाबून बसवा. सोल्डरिंग आयर्न गरम करायचं नाही. कीकॅप लावा आणि प्रत्येक रुंद बटण डाव्या काठावर, मध्ये आणि उजव्या काठावर हलक्या बोटाने दाबा. जोराने दाबलं की दोष लपतो. पंखा बंद करून ऐका.

- एकाच बाजूने टिकटिक: त्या बाजूचं तारेचं टोक कोरडं आहे किंवा हात उचललेला आहे.
- दोन्ही बाजूंनी जाडसर खडखड: हाउसिंग पीसीबीत हलतं आहे.
- आवाज नाही, पण बटण सावकाश परत येतं: ग्रीस जास्त, टेफ्लॉनचा थर जाड, किंवा प्लेटची कड हाउसिंगला घासते. कॅप काढून स्टेम दाबून पहा. मोकळा चालला तर दोष कॅपमध्ये आहे.
- कॅप काढल्यावर स्पेसबारचा सगळा त्रास गायब: स्पेसबारच वाकडा आहे. तो पालथा करून कडा आरशावर टेकवा, डुलतो का ते दिसेल.

हॉट-स्वॅप कीबोर्डलाही हीच चाचणी. तिथे सोल्डर नाही म्हणून लोक ती टाळतात, आणि मग सगळे स्विच पुन्हा उपसतात. वारंवार उपसल्याने सॉकेट ढिले होतात.

सगळं जमलं की मग सोल्डर करा, आणि संगणकाला जोडून इनस्क्रिप्टमध्ये टाइप करून पहा. डाव्या शिफ्टसाठी ‘थ ध फ भ ख घ’ भरभर, उजव्यासाठी ‘अ आ इ ई उ ऊ’. शिफ्ट धरून ठेवताना आवाज येत नाही, सोडताना येतो. म्हणून सोडण्याकडे कान ठेवा.

## उघडता येत नसेल तर

तयार, सोल्डर केलेला कीबोर्ड आहे आणि आयर्न चालवता येत नाही, त्यांच्यासाठी सिरिंज. केबल काढा, कीकॅप काढा. सुईचं टोक कानशीने घासून बोथट करा. सिरिंजमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस मागून भरा. स्टेम बोटाने खाली दाबून धरा, तार स्टेममध्ये शिरते त्या फटीत सुई नेऊन मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस सोडा. स्टेम वीस-पंचवीस वेळा वरखाली करा, वर आलेलं चिमट्यात धरलेल्या कापडाने पुसा. कमी वाटलं तर पुन्हा तेवढंच, पण शेजारच्या स्विचवर थेंबही पडता कामा नये.

आत आधीचं धुळीने काळं झालेलं ग्रीस असेल तर त्यावर नवं भरू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने आधी काढा, वाळू द्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं.

या पद्धतीने कोरड्या तारेचा आवाज जातो. दोनदा भरूनही एक बाजू टिकटिकत राहिली तर तिसऱ्यांदा भरू नका. ती तार वाकडी आहे, आणि प्लेट उघडून देणारा माणूस शोधणं हाच त्यावर उपाय आहे.